अबार्थ पुंटो: नऊ वर्षे, १ लाख १२ हजार किलोमीटर आणि माळ्यावरची खोकी

फियाटची अबार्थ पुंटो मी २०१६च्या फेब्रुवारीत घेतली, आणि तेव्हापासून मुलुंड पूर्वेतल्या घरापासून वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कार्यालयापर्यंत जवळजवळ रोज तीच चालवते आहे. या महिन्यात ओडोमीटरवर १ लाख १२ हजार किलोमीटर पूर्ण झाले. या नऊ वर्षांत गाडीत बरेच बदल केले, त्यातले काही मागे घेतले, आणि या ये-जा करण्यातून माझ्यापुरता एक नियम तयार झाला. चांगल्या स्थितीतला भाग काढून त्याच्या जागी नवा बसवायचा नाही. मूळ भाग झिजला, फाटला किंवा गळू लागला, की मगच त्या जागी काय बसवावे याचा विचार करायचा. हा नियम पहिल्या दिवसापासून पाळला असता, तर निदान ४० हजार रुपये आणि एक अख्खा पावसाळा वाचला असता. मुंबईत रोज वापरायची गाडी म्हणून कोणी अशी एखादी चपळ गाडी घेण्याचा विचार करत असेल, तर त्याला उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी गाडीविषयी. ऑक्टोबर २०१५मध्ये अबार्थ पुंटो भारतात आली, तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत १० लाखांच्या थोडी आत होती. पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यात तेव्हा तयार होणाऱ्या नेहमीच्या पुंटोचाच हा तगडा भाऊ: १३६८ सीसीचे टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ अश्वशक्ती, २१२ न्यूटन मीटर टॉर्क (चाके फिरवणारा जोर), पाच गिअर, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि जमिनीपासूनची उंची १५५ मिलिमीटर. काटेकोर बोलायचे तर ही स्पोर्ट्स कार नाही, पाच दारांची हॉट हॅच आहे, म्हणजे छोट्या घरगुती गाडीचीच ताकदवान आवृत्ती. मागे सासूबाई आणि दोन्ही मुले बसतात आणि डिकीत आठवड्याचा बाजार मावतो. पण ज्या गुणासाठी माणूस स्पोर्ट्स कार घेतो, तो गुण हिच्यात पुरेपूर आहे. मी काय करते आहे हे गाडीला लगेच कळते आणि गाडी काय करते आहे हे मला लगेच कळते.

हे कळणे येते ते मुख्यतः स्टिअरिंगमधून. हिचे पॉवर स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे. आजकालच्या बहुतेक गाड्यांत ही मदत विजेच्या मोटारीकडून मिळते, त्यामुळे स्टिअरिंग हलके असते, पण हाताला फारसे काही सांगत नाही. माझ्या गाडीत पूर्व द्रुतगती मार्गावरचे काँक्रीटचे सांधे हाताला वेगळे लागतात आणि डांबराचे ठिगळ वेगळे लागते. पहिल्या पावसात चाक रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर गेले की स्टिअरिंग क्षणभर सैल पडते, आणि डोळ्यांना काही दिसण्याच्या आधी तळहाताला ते समजते. ही गाडी विकायचा विचार मी दोनदा केला. दोन्ही वेळा दुसऱ्या गाड्या चालवून पाहिल्या आणि परत येताना या स्टिअरिंगला हात लावल्याबरोबर तो विचार सोडून दिला.

आता मुंबईचा हिशेब. गाडीचे वय आपण किलोमीटरमध्ये मोजतो, आणि मुंबईच्या गाडीच्या बाबतीत सर्वांत मोठी फसगत इथेच होते. माझ्या गाडीच्या ट्रिप कॉम्प्युटरवर सरासरी वेग ताशी २१ किलोमीटर दिसतो. म्हणजे १ लाख १२ हजार किलोमीटर चालायला इंजिन ५ हजार ३०० तासांहून अधिक काळ सुरू राहिले. तेवढेच अंतर ताशी ६० च्या सरासरीने कापणाऱ्या गाडीचे इंजिन १ हजार ९०० तासांच्या आतच चाललेले असते. बाजारात दोन्ही गाड्यांचा आकडा सारखा दिसेल, पण एकीचे इंजिन दुसरीच्या जवळजवळ तिप्पट तास चाललेले असेल, आणि तेही समोरून वारा नसताना, ३३ अंशांच्या दमट हवेत, पंख्याच्या भरवशावर. टर्बो असलेल्या इंजिनात तर हे अधिकच महत्त्वाचे ठरते, कारण टर्बोच्या बेअरिंगमधून फिरणारे ऑइल त्या तापमानात हळूहळू जळत जाते आणि त्याची काजळी आतच बसते. म्हणून पहिल्या दोन वर्षांनंतर मी इंजिन ऑइल किलोमीटर बघून बदलणे सोडले आणि दर २५० तासांनी, म्हणजे साधारण सव्वापाच हजार किलोमीटरला बदलू लागले. डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही आहे, तिच्यात किलोमीटर आणि तास असे दोन रकाने आहेत. गाडीतला माझ्या मते सर्वांत मोलाचा बदल ही वही आहे, आणि तिची किंमत ३० रुपये आहे.

पहिला खरा बदल मात्र मी चुकीचा केला. २०१८च्या जानेवारीत, गाडी जेमतेम २३ हजार किलोमीटर चाललेली असताना, मी चारही स्प्रिंग बदलून गाडी ३० मिलिमीटरने खाली आणली. दिसायला ती सुरेख दिसू लागली, हे मी नाकारत नाही. चाक आणि मडगार्ड यांच्यामधली रिकामी जागा भरली, वळणावर गाडी कमी कलू लागली, आणि चार महिने मी खुशीत होते. परंतु १५५ मधून ३० गेले की १२५ उरतात. आमच्या सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगचा उतार तिरका चढावा लागू लागला, आणि मागे तिघे जण बसले की प्रत्येक गतिरोधकावर पोट घासू लागले. खरी अडचण उंचीहूनही वेगळी होती. मूळ शॉकअब्सॉर्बर मूळ स्प्रिंगच्या उंचीसाठी बनवलेला असतो. स्प्रिंग आखूड केली की त्याला खाली दबायला जागाच कमी उरते, आणि मुंबईतल्या प्रत्येक खड्ड्यात तो तळाच्या रबरावर आदळतो. जून महिन्यात कांजूरमार्गजवळ साचलेल्या पाण्याखाली चेंबरचे एक झाकण रस्त्यापासून चारेक बोटे वर आलेले होते. मला ते दिसणे शक्य नव्हते. आवाज ऐकून मी गाडी कडेला घेतली तेव्हा इंजिनखालचे संरक्षक पत्र्याचे कवच मधोमध आत दबलेले होते. इंजिनच्या तळाशी ऑइल साठते ते सम्प त्याच्यामुळेच वाचले. गणपती झाल्यावर मूळ स्प्रिंग परत बसवल्या.

त्या मूळ स्प्रिंग मी फेकल्या नव्हत्या, ही आमच्या मिस्त्रींची कृपा. भांडुपला लाल बहादूर शास्त्री मार्गाच्या आतल्या गल्लीत त्यांचे गॅरेज आहे. ते मूळचे चिपळूणचे, आणि सारे आयुष्य फियाटवर गेलेले. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या पद्मिनी टॅक्सींवर त्यांनी पोरवयात काम शिकायला सुरुवात केली. ताडदेव आरटीओमध्ये २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत २०२३मध्ये संपली आणि काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली, त्या आठवड्यात त्यांनी गॅरेजच्या भिंतीवर जुन्या पद्मिनीचा रेडिएटरचा जाळीदार मुखवटा टांगला. स्प्रिंग काढल्या त्या दिवशी त्यांनी मला एवढेच सांगितले होते, “ताई, जुन्या खोक्यात भरून, वर तारीख घालून माळ्यावर ठेवा. गाडी आहे तोवर विकू नका.” तेव्हापासून गाडीतून निघालेला प्रत्येक चांगला भाग आमच्या माळ्यावर खोक्यात जातो, आणि खोक्यावर तारीख, किलोमीटर आणि तास लिहिलेले असतात. यजमानांनी दिवाळीच्या फराळाचे मोठे डबे ठेवायला दुसरी जागा शोधली आहे, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

त्यानंतरचे बदल झिजण्याच्या क्रमाने झाले. सर्वांत आधी टायर झिजले, ३८ हजारांना. मूळ माप १९५/५५ आर १६, म्हणजे रुंदी १९५ मिलिमीटर, टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के आणि रिम १६ इंचांची. मी २०५/५५ आर १६ घेतले, आणि हे मी रुंदीसाठी केलेले नाही. हिशेब असा आहे की १९५ चे ५५ टक्के म्हणजे टायरच्या भिंतीची उंची १०७ मिलिमीटर. २०५ चे ५५ टक्के म्हणजे जवळजवळ ११३. चाकाचा पूर्ण व्यास ६२१ वरून ६३२ मिलिमीटर होतो, म्हणजे गाडी साडेपाच मिलिमीटर वर येते आणि खड्ड्याच्या कडेला रिम भिडण्याआधी तेवढेच जास्त रबर मध्ये येते. याची किंमतही मोजावी लागते. चाक मोठे झाल्यामुळे वेगमापक पूर्वीपेक्षा दोनेक टक्के कमी दाखवतो, म्हणून सागरी सेतूवर ८० ची मर्यादा असताना मी काटा ७५ वर ठेवते. गाडी सुटताना किंचित जड वाटते. विमा कंपनीला या बदलाची लेखी कल्पना देऊन पोच घेतली आहे, आणि ती पोच गाडीच्या कागदांत आहे. न कळवलेल्या बदलावरून दावा अडकल्याचे किस्से माझ्या ओळखीत आहेत, आणि त्या भानगडीत मला पडायचे नव्हते.

मग ब्रेक. माझे सासर जुन्नरचे, त्यामुळे माळशेज घाट वर्षातून चार-पाच वेळा होतो. २०१९च्या मे महिन्यात घाट उतरताना तिसऱ्या मोठ्या वळणानंतर ब्रेकचे पेडल पायाखाली मऊ लागू लागले. गाडी थांबत होती, पण पेडल अर्ध्याहून खाली जात होते. घाटाखाली मोरोशीच्या बाजूला गाडी तासभर थंड केली आणि मग सावकाश घरी आलो. दोष कोणाचाच नव्हता, ब्रेक ऑइल तीन वर्षे बदललेले नव्हते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, आणि मुंबईच्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. डॉट ४ प्रतीचे ताजे ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. तेच ओलावा शोषल्यावर १५५ अंशांच्या आसपासही उकळू शकते. उकळले की त्यात बुडबुडे होतात, आणि द्रव दबत नाही तसे बुडबुड्यांचे नसते, ते दबतात. म्हणून पेडल खाली जाते. तेव्हापासून दर दोन वर्षांनी, पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात ब्रेक ऑइल बदलते. पुढचे पॅड झिजले तेव्हा जास्त तापमान सोसणारे घेतले, आणि ६२ हजारांना ब्रेक ऑइल नेणाऱ्या रबरी नळ्यांवर, म्हणजे ब्रेक होजवर, बारीक चिरा दिसल्या तेव्हा स्टीलच्या जाळीत गुंफलेले होज घेतले. रबरी होज दाबाखाली किंचित फुगतात, जाळीचे फुगत नाहीत, त्यामुळे पेडल अधिक ताठ आणि नेमके लागते. सर्व बदलांमध्ये हा मला सर्वांत आवडतो, कारण तो रोज, प्रत्येक सिग्नलला जाणवतो.

शक्ती वाढवण्याचा मोह मलाही झाला. २०२०च्या सुरुवातीला एका ठिकाणी मी इंजिनचा रीमॅप करून घेतला, म्हणजे इंजिनच्या संगणकातली आज्ञावली बदलून टर्बोचा दाब आणि इंधन वाढवले. कागदावर १७५ अश्वशक्ती मिळाली. ठाण्याच्या पुढे, मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पहिल्यांदा ॲक्सिलरेटर दाबला तेव्हा मला जो आनंद झाला तो खरा होता. परंतु वर्षभरात, ६४ हजारांना, चढावर क्लच घसरू लागला: इंजिनचे आवर्तन वाढते, वेग वाढत नाही, आणि जळक्या चपलेसारखा वास येतो. मिस्त्रींनी दोन पर्याय ठेवले. वाढीव टॉर्क सोसणारी क्लचची कडक प्रेशर प्लेट बसवायची, नाहीतर मूळ आज्ञावलीवर परत यायचे.

निर्णय घेण्याआधी मी एक काम केले. एका सोमवारी सकाळी घरातून निघाल्यापासून कार्यालयाच्या तळघरात पोहोचेपर्यंत क्लच किती वेळा दाबते ते मोजले. अंतर १९ किलोमीटर, वेळ १ तास १० मिनिटे. विक्रोळीपर्यंत ६१ वेळा, छेडानगरच्या चौकाच्या अलीकडच्या रांगेत तेवढ्यातच आणखी ७० च्या वर, मग सोमय्या मैदानाजवळून चुनाभट्टीचा उड्डाणपूल चढून संकुलात उतरेपर्यंत एकूण २१४ वेळा. संध्याकाळी परत तेवढेच. कडक प्लेट म्हणजे दिवसाला चारशेहून अधिक वेळा जड पेडल, आणि माझा डावा गुडघा त्या वर्षीच कुरकुरू लागला होता. १७५ अश्वशक्ती वापरायला मिळते ती महिन्यातून फार तर दोनदा, काही सेकंद. क्लच दाबावा लागतो तो रोज. मी मूळ प्रतीचा क्लच बसवला आणि मूळ आज्ञावलीही परत घातली. २१२ न्यूटन मीटरचा पूर्ण टॉर्क या इंजिनात मिनिटाला २ हजार आवर्तनांनाच हाताशी येतो, आणि मुंबईच्या रस्त्यावर रिकामी जागा दिसली की तेवढाच उपयोगी पडतो. या क्लचवर आता ४८ हजार किलोमीटर झाले आहेत आणि तो अजून ठणठणीत आहे.

त्याच काळात हवेचा उघडा, शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवून मी सहा आठवड्यांत काढला. त्याचा आवाज सुंदर येतो. पण तो बॉनेटखालचीच तापलेली हवा ओढतो. गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणाऱ्या ओबीडीच्या यंत्रावर मी पाहिले, तर घाटकोपरच्या रांगेत इंजिनमध्ये शिरणारी हवा ६० अंशांच्या वर गेलेली होती. गरम हवा विरळ असते, म्हणून इंजिन स्वतःच जोर कमी करते. शिवाय मूळ बंद डब्याला ज्या पाण्यापासून आडोसा असतो, त्या पाण्याला उघडा फिल्टर सरळ वाट देतो. ज्या शहरात २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तिथे इंजिनच्या तोंडाशी असे काही उघडे ठेवणे मला पटत नाही. अलीकडे मी ठरवूनच टाकले आहे: फुटपाथच्या कठड्याच्या वर पाणी दिसले की गाडी तिथेच कडेला लावायची आणि लोकल पकडायची.

टर्बोच्या होजची गोष्ट मात्र थोडी सविस्तर सांगते, कारण ती कोणाच्याही गाडीत होऊ शकते. २०२२च्या मार्चमध्ये, रात्री नऊच्या सुमारास, विक्रोळी ओलांडल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला आणि बॉनेटखालून कुकरची शिटी अर्धवट दाबून धरल्यासारखा ‘फस्स’ असा आवाज आला. वेग वाढेना. काही बिघडल्याचा दिवा लागला नाही, तापमान ठीक होते, आणि हळू चालवले की सारे नेहमीसारखे वाटे. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी टर्बोकडून इंटरकूलरकडे, म्हणजे टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या भागाकडे, जाणाऱ्या रबरी होजमध्ये कॉम्प्रेसरची थोडी हवा सोडली आणि भांडी घासायच्या साबणाचे पाणी प्रत्येक सांध्यावर शिंपडले. पहिल्या दोन सांध्यांवर काही नाही. तिसऱ्या क्लॅम्पच्या बरोबर खाली, नखाएवढ्या जागेतून, बारीक बुडबुड्यांची रांग एकामागून एक निघू लागली. क्लॅम्प सैल करून होज वळवला तेव्हा आत दोन इंच लांबीची चीर निघाली. बाहेरून तिचे केवळ टोक दिसत होते. सहा वर्षांच्या उष्णतेने आणि ऑइलच्या वाफेने रबर कडक होऊन तडकले होते. मिस्त्री म्हणाले, “ताई, हा एक गेला म्हणजे बाकीचे भाऊही त्याच वयाचे आहेत.” तिन्ही होज काढून त्याजागी जाड, कापडाचे थर असलेले सिलिकॉनचे होज बसवले. गाडीचा जोर इतका नीट परत आला, की ही गळती त्या रात्रीच्या कितीतरी आधीपासून थोडी थोडी होत असावी असे मला वाटते.

शॉकअब्सॉर्बर ७८ हजारांना गळू लागले. यावेळी मूळ स्प्रिंग तशाच ठेवून थोडे कडक शॉकअब्सॉर्बर घेतले. मला २०१८मध्ये जे हवे होते, म्हणजे वळणावर कमी कलणारी गाडी, ते उंची न गमावता यातून मिळाले. चाकाला धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मचे बुश, म्हणजे सांध्यातले धक्के शोषणारे तुकडे, मात्र रबराचेच ठेवले आहेत. पॉलियुरेथेनचे बुश जास्त टिकतात आणि स्टिअरिंग आणखी धारदार करतात, पण खड्ड्यांचा प्रत्येक धक्का सरळ आत येतो, आणि मागे बसणाऱ्या सासूबाईंच्या पाठीला विचारल्याशिवाय असे निर्णय घेता येत नाहीत. मुंबईत रबरी बुश दोन-तीन पावसाळे टिकतात. ते बदलत राहणे मी मान्य केले आहे.

चालकाच्या आसनाचा फोम डाव्या बाजूला बसला तेव्हा बाजारातले रेसिंगचे आसन घ्यावे असा सल्ला पुष्कळांनी दिला. मी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या कारागिराकडून मूळ सांगाड्यावर घट्ट फोम घालून, मूळ कापड त्यावरच परत शिवून घेतले. मांडीखाली पाऊण इंच जास्त भरायला सांगितले, म्हणजे क्लचवरचा पाय अधांतरी राहत नाही. मूळ सांगाडा तसाच असल्याने पट्ट्याशी छेडछाड होण्याचा प्रश्नच आला नाही.

एक्झॉस्टला मी हात लावलेला नाही आणि लावणारही नाही. उत्पादकाने नोंदवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, असे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते, आणि २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केले. कायदा बाजूला ठेवला तरी, आमच्या पार्किंगच्या बरोबर वर तान्हे मूल असलेले एक कुटुंब राहते आणि मी महिन्यातून एका रविवारी पहाटे साडेपाचला निघते. त्या रविवारी पूर्व मुक्त मार्गाने दक्षिण मुंबई, मग मरीन ड्राइव्ह, गिरगाव चौपाटीपासून प्रियदर्शिनी पार्कपर्यंतचा दोन किलोमीटरचा बोगदा, पुढे सागरी किनारा मार्ग आणि सागरी सेतू असा फेरा होतो. बोगद्यात खिडकी चार बोटे उघडली की मूळ एक्झॉस्टचाही खर्जातला आवाज भिंतींवरून परत येतो. मला तेवढा पुरतो.

समुद्राच्या हवेचे आणि पाण्याचे काम सतत चालूच असते. दर मेच्या शेवटच्या रविवारी दारांच्या तळाशी असलेली पाणी निचऱ्याची छिद्रे मी छत्रीच्या मोडक्या काडीने साफ करते. २०१७मध्ये एसीच्या निचऱ्याची नळी चोंदून पुढच्या सतरंजीखाली पाणी साठले होते आणि वास येईपर्यंत ते कळले नव्हते, म्हणून ती नळीही त्याच दिवशी तपासते. अंगाखालचे गंजरोधक लेपन दर दोन वर्षांनी.

आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल सगळीकडे आले आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते, त्यामुळे माझे शहरातले सरासरी साडेनऊ किलोमीटर आता नऊच्या खाली आले आहे, आणि २०१६च्या गाडीतले इंधनाचे रबर या मिश्रणासाठी निवडलेले असेलच असे मी गृहीत धरत नाही. इंजिनखालच्या इंधन होजचा एक तुकडा हाताला मऊ लागू लागल्यावर गेल्या डिसेंबरात इथेनॉल सोसणारा होज बसवला. टाकीजवळचा तुकडा अजून मूळचाच आहे. तो मिस्त्रींनी वाकवून पाहिला, चीर नाही, म्हणून तसाच ठेवला; वहीत त्याच्या नावाने दर तीन महिन्यांची खूण आहे.

२०३१मध्ये या गाडीच्या नोंदणीला १५ वर्षे होतील आणि नूतनीकरणासाठी ती आरटीओला दाखवावी लागेल. त्या दिवशी जे लागू शकेल ते सारे माळ्यावर आहे: हवेच्या फिल्टरचा मूळ डबा सोडला, कारण तो गाडीतच आहे, तर मूळ ब्रेक पॅडचे न वापरलेले एक जोड, एक मूळ मापाचा टायर, आणि कापडी पिशवीत गुंडाळलेला एक पेन ड्राइव्ह, ज्यात इंजिनची मूळ आज्ञावली आहे. २०१८च्या स्प्रिंगच्या खोक्यावर मी तेव्हा घाईत केवळ ‘सप्टेंबर’ लिहिले होते. परवा शिडीवर चढून त्यावर वर्ष, २९ हजार किलोमीटर आणि १ हजार ३८० तास असे पूर्ण लिहिले, आणि खाली उतरताना छत्रीची काडी घेऊन आले, कारण हा मेचा शेवटचा रविवार आहे.